आलोइस अल्झायमर

आलोइस अल्झायमर (जन्म : १४ जून १८६४, मार्क्टब्राइट, बव्हेरिया, मृत्यू : १९ डिसेंबर १९१५, ब्रेस्लाउ) हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ व चेताविकृतिशास्त्रज्ञ होते. स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत मोठ्या कारणाला, म्हणजे अल्झायमर रोगाला, त्यांचे नाव देण्यात आले आहे. १९०६ साली त्यांनी ऑगुस्टे डेटर या स्त्रीरुग्णाच्या मेंदूत आढळलेल्या दोन विकृतींचे वर्णन केले. पेशींच्या बाहेर साठलेले चकतीसारखे निक्षेप आणि चेतापेशींच्या आतील तंतूंचे गुंते अशा त्या दोन विकृती होत्या. आज हे निक्षेप बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे व हे गुंते टाऊ या प्रथिनाचे असल्याचे ज्ञात आहे. याच दोन प्रथिनांचे अंश रक्तात मोजून रोगाची चाहूल घेण्याच्या चाचण्या आता उपलब्ध होऊ लागल्या आहेत.

जर्मन भाषेत त्यांच्या आडनावाचा उच्चार 'आल्ट्सहाइमर' असा होतो. मराठीत 'अल्झायमर' हे रूप रूढ आहे.

जन्म व शिक्षण

अल्झायमर यांचा जन्म बव्हेरियाच्या राज्यात माइन नदीकाठच्या मार्क्टब्राइट या लहान गावात झाला. त्यांचे वडील एडुआर्ड अल्झायमर हे सरकारी नोटरी होते. एडुआर्ड यांच्या पहिल्या पत्नीचे प्रसूतीनंतर निधन झाले. त्यानंतर त्यांनी तिची बहीण टेरेझिया हिच्याशी विवाह केला. आलोइस हे टेरेझिया यांचे ज्येष्ठ अपत्य होय. मुलांच्या शिक्षणासाठी हे कॅथलिक कुटुंब पुढे आशाफेनबुर्ग येथे स्थायिक झाले. तेथील शाळेतून आलोइस १८८३ साली शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाले. निसर्गविज्ञानाच्या विषयांत त्यांना विशेष गती होती.

वैद्यकाचे शिक्षण त्यांनी बर्लिन, वुर्त्सबुर्ग व ट्युबिंगेन या विद्यापीठांत घेतले. वुर्त्सबुर्ग येथे ते विद्यार्थी संघटनेचे सभासद होते. त्या काळच्या प्रथेप्रमाणे झालेल्या तलवारीच्या द्वंद्वात त्यांच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूस व्रण राहिला. वुर्त्सबुर्गमध्येच ख्यातनाम ऊतकशास्त्रज्ञ आल्बर्ट फोन क्योलिकर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी कानातील मळ निर्माण करणाऱ्या ग्रंथींवर प्रबंध लिहिला. या प्रबंधासाठी १८८७ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. विषय लहान होता, परंतु ऊतींचे पातळ छेद घेणे, ते रंगवणे व सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या रचनांची अचूक चित्रे काढणे या गोष्टींचा सराव त्यांना येथे झाला. पुढील सर्व संशोधनाचा पाया याच कौशल्यावर उभा राहिला.

फ्रांकफुर्टमधील कारकीर्द

डिसेंबर १८८८ मध्ये अल्झायमर फ्रांकफुर्ट येथील मनोरुग्ण व अपस्माराच्या रुग्णांसाठी असलेल्या नगरपालिकेच्या रुग्णालयात सहायक डॉक्टर म्हणून रुजू झाले. हे रुग्णालय हाइनरिख हॉफमान यांच्या प्रयत्नांतून १८६४ साली उभे राहिले होते. हॉफमान हे मुलांसाठी लिहिलेल्या 'श्ट्रुव्हेलपेटर' या पुस्तकाचे लेखक म्हणूनही प्रसिद्ध आहेत. गॉथिक शैलीतील भव्य इमारतीमुळे गावकरी या रुग्णालयाला वेड्यांचा किल्ला म्हणत.

अल्झायमर रुजू झाले त्याच सुमारास एमिल झिओली यांनी संचालकपदाची सूत्रे स्वीकारली होती. रुग्णांना बांधून ठेवण्याची किंवा कोंडण्याची पद्धत शक्य तितकी बंद करण्याकडे झिओली यांचा कल होता. त्याऐवजी कोमट पाण्यातील दीर्घ स्नाने, बागेतील कामे, सतत देखरेख व डॉक्टरांशी संवाद यांवर भर देण्यात आला. अल्झायमर यांनी या सुधारणांत मनापासून भाग घेतला. रुग्णाशी बोलून त्याची उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवण्याची त्यांची सवय याच काळात पक्की झाली.

१८८९ साली फ्रान्ट्स निसल हे झिओली यांचे दुसरे सहकारी म्हणून आले. चेतापेशी अॅनिलीन रंगांनी रंगवून त्यांची अंतर्गत रचना स्पष्ट करण्याची पद्धत निसल यांनी विद्यार्थीदशेतच शोधली होती. दिवसा रुग्णतपासणी व रात्री सूक्ष्मदर्शक असा या दोघांचा क्रम असे. दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली. मानसिक आजारांच्या मुळाशी मेंदूतील दृश्य बदल असतात का, आणि असतील तर कोणत्या आजारात कोणते, हा त्यांचा समान प्रश्न होता. त्या काळी मनोरुग्णालयांत उपदंशामुळे होणाऱ्या सार्वदेहिक पक्षाघाताचे रुग्ण मोठ्या संख्येने असत. हा आजार इतर मनोविकारांपासून वेगळा कसा ओळखावा, याचा अल्झायमर यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. धमनीकाठिण्यामुळे मेंदूची होणारी झीज हाही त्यांच्या फ्रांकफुर्टमधील संशोधनाचा महत्त्वाचा विषय होता.

१८९५ साली निसल हायडेलबर्ग येथे एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले. क्रेपेलिन हे तत्कालीन जर्मन मनोविकारशास्त्रातील अग्रगण्य नाव होते. निसल यांच्यामुळेच पुढे अल्झायमर यांचाही क्रेपेलिन यांच्याशी निकटचा संबंध आला.

विवाह व कुटुंब

१८९४ साली अल्झायमर यांनी सेसिली गायझेनहायमर यांच्याशी विवाह केला. सेसिली या एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या विधवा होत्या. या दांपत्याला गेरट्रूड, हान्स व मारिया अशी तीन अपत्ये झाली. फेब्रुवारी १९०१ मध्ये सेसिली यांचे निधन झाले. त्या वेळी धाकटी मुलगी अगदी लहान होती. अल्झायमर यांच्या अविवाहित भगिनी एलिझाबेथ यांनी घर व मुले सांभाळली. अल्झायमर यांनी पुन्हा विवाह केला नाही. पत्नीकडून आलेल्या संपत्तीमुळे पुढील काळात त्यांना पगाराची चिंता न करता संशोधन करता आले.

ऑगुस्टे डेटर

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रांकफुर्टच्या रुग्णालयात ५१ वर्षांच्या ऑगुस्टे डेटर यांना दाखल करण्यात आले. त्यांचे पती कार्ल रेल्वेत कारकून होते. काही महिन्यांपूर्वीपर्यंत त्या घरकाम व्यवस्थित करत असत. नंतर पतीचे शेजारणीशी संबंध आहेत असा संशय त्यांना येऊ लागला. स्वयंपाकात चुका होऊ लागल्या, वस्तू कोठेतरी लपवून ठेवल्या जाऊ लागल्या आणि कारण नसताना घरात येरझाऱ्या सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी अल्झायमर यांनी त्यांची तपासणी सुरू केली. नाव, आडनाव व पतीचे नाव या तिन्ही प्रश्नांना त्यांनी आपलेच नाव उत्तर म्हणून दिले. दुपारच्या जेवणात त्या फुलकोबी व डुकराचे मांस खात असताना काय खात आहात असे विचारले, तेव्हा त्यांनी पालक असे सांगितले. दाखवलेल्या वस्तूंची नावे त्यांना सांगता येत, परंतु थोड्याच वेळात त्या वस्तू दाखवल्याचेही त्या विसरत. स्वतःचे नाव लिहिताना त्या मध्येच थांबत व पुढचे अक्षर पुन्हा सांगावे लागे. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा आशयाचे उद्गार त्यांनी अनेकदा काढल्याची नोंद आहे.

म्हातारपणी येणारा स्मृतिभ्रंश त्या काळच्या डॉक्टरांना परिचित होता आणि तो वार्धक्याचाच भाग मानला जाई. परंतु पन्नाशीच्या सुरुवातीला इतक्या वेगाने होणारा ऱ्हास त्या चौकटीत बसत नव्हता. उपदंशाची किंवा धमनीकाठिण्याची ठरावीक लक्षणेही येथे जुळत नव्हती. त्यामुळे अल्झायमर यांनी या रुग्णाच्या नोंदी तपशिलाने ठेवल्या व तिची छायाचित्रेही काढवून घेतली.

पुढील साडेचार वर्षांत ऑगुस्टे यांची प्रकृती खालावत गेली. अखेरच्या काळात त्या अंथरुणाला खिळून होत्या व बोलणे जवळजवळ थांबले होते. ८ एप्रिल १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. अंथरुणातील जखमांतून पसरलेला जंतुसंसर्ग हे त्याचे कारण होते.

म्युनिक येथील प्रयोगशाळा

दरम्यान अल्झायमर यांनी फ्रांकफुर्ट सोडले होते. काही महिने हायडेलबर्ग येथे काम केल्यानंतर १९०३ साली ते क्रेपेलिन यांच्यासोबत म्युनिकला गेले. तेथे विद्यापीठाचे नवे मनोविकार रुग्णालय १९०४ साली सुरू झाले. त्याच वर्षी सार्वदेहिक पक्षाघाताच्या ऊतकशास्त्रीय निदानावरील प्रबंधाच्या आधारे त्यांना विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळाला. रुग्णालयातील शारीररचना प्रयोगशाळेचे ते प्रमुख झाले. या पदावर त्यांनी बराच काळ वेतन न घेता काम केले.

अल्पावधीतच ही प्रयोगशाळा देशोदेशींच्या तरुण संशोधकांचे केंद्र बनली. इटलीचे गाएतानो पेरुसिनी, फ्रांचेस्को बोनफिल्यो व उगो चेर्लेत्ती, स्पेनचे निकोलास आचुकारो, जर्मनीचे आल्फोन्स याकोब व फ्रीड्रिख लेवी हे त्यांच्याकडे शिकले. यांपैकी याकोब यांचे नाव क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोगाशी व लेवी यांचे नाव चेतापेशींतील लेवी पिंडांशी जोडले गेले आहे. लायबेरियात जन्मलेले व अमेरिकेत शिकलेले सॉलोमन कार्टर फुलर हेही येथे साहाय्यक होते. गुलामगिरीत जगलेल्या पूर्वजांच्या वंशात जन्मलेले फुलर हे अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञांपैकी एक मानले जातात. अल्झायमर रोगाविषयीचे आरंभीचे लेखन इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

अल्झायमर प्रत्येक विद्यार्थ्याच्या सूक्ष्मदर्शकापाशी बसून त्याला दिसणाऱ्या रचना समजावून सांगत. हातातला सिगार ते टेबलावर ठेवत व पुढच्या विद्यार्थ्याकडे जाताना विसरून जात. दिवसअखेर प्रत्येक टेबलावर अर्धवट सिगार सापडे, अशी आठवण त्यांच्या सहवासात आलेल्यांनी सांगितली आहे.

१९०६ चे व्याख्यान

ऑगुस्टे डेटर यांच्या निधनाची वार्ता कळल्यावर अल्झायमर यांनी झिओली यांच्याकडून त्यांचा मेंदू व रुग्णनोंदी म्युनिकला मागवून घेतल्या. पेरुसिनी व बोनफिल्यो यांच्या मदतीने त्यांनी मेंदूचे छेद तयार केले. यासाठी माक्स बिलशोव्हस्की यांनी काही वर्षांपूर्वीच विकसित केलेली, चांदीच्या क्षारांनी ऊती रंगवण्याची पद्धत वापरण्यात आली. या पद्धतीत चेतापेशींतील सूक्ष्म तंतू काळ्या रंगात उठून दिसतात. ही पद्धत नसती तर गुंते इतक्या स्पष्टपणे दिसले नसते.

मेंदू एकंदर आक्रसलेला होता. बाह्यकातील सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश चेतापेशींमध्ये तंतूंचे जाड जुडगे तयार झाले होते. अनेक ठिकाणी पेशी नष्ट होऊन केवळ हे जुडगे उरले होते. त्याखेरीज संपूर्ण बाह्यकात एका विशिष्ट पदार्थाचे बारीक निक्षेप विखुरलेले होते.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथे नैर्ऋत्य जर्मनीतील मनोविकारतज्ज्ञांच्या ३७ व्या सभेत अल्झायमर यांनी ही निरीक्षणे मांडली. सभेचे अध्यक्ष आल्फ्रेड होखे होते. व्याख्यानानंतर श्रोत्यांपैकी कोणीही प्रश्न विचारला नाही व चर्चा न होताच पुढील विषय सुरू झाला. १९०७ साली या व्याख्यानाचा संक्षिप्त वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात अल्झायमर यांनी बाह्यकाचा एक वैशिष्ट्यपूर्ण आजार एवढेच म्हटले होते. त्यांनी कोणतेही नवे नाव सुचवले नाही.

मेंदूतील निक्षेप पाहणारे अल्झायमर हे पहिले संशोधक नव्हते. १८९२ साली पॅरिसमध्ये पोल ब्लोक व गेओर्ग मारिनेस्कु यांनी एका वृद्ध अपस्माररुग्णाच्या मेंदूत तसेच निक्षेप नोंदवले होते. प्रागमध्ये ओस्कार फिशर यांनी १९०७ साली वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाच्या १६ पैकी १२ मेंदूंत हे निक्षेप आढळल्याचे प्रसिद्ध केले. चेतापेशींतील गुंत्यांचे वर्णन आणि जिवंतपणीच्या तपशीलवार नोंदींशी त्याची घातलेली सांगड हे अल्झायमर यांचे वेगळेपण होय.

रोगाचे नामकरण

१९१० साली क्रेपेलिन यांच्या मनोविकारशास्त्रावरील पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीचा दुसरा खंड प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी या आजाराचा उल्लेख अल्झायमर रोग असा केला. हा वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाचाच लवकर आलेला तीव्र प्रकार आहे की स्वतंत्र रोग, हे स्पष्ट नसल्याचे त्यांनी तेथेच नमूद केले होते. तरीही नाव रूढ झाले.

मोजक्या रुग्णांच्या आधारे क्रेपेलिन यांनी स्वतंत्र नाव देण्याची घाई का केली, याविषयी वैद्यकाच्या इतिहासकारांत मतभेद आहेत. प्रागमधील संशोधकांशी असलेली स्पर्धा हे कारण काही अभ्यासक देतात. फ्रॉइड यांच्या मनोविश्लेषणाचा प्रभाव वाढत असताना मनोविकारांना मेंदूतील दृश्य कारणे असतात हे दाखवून देण्याची इच्छा, असेही कारण सांगितले जाते. क्रेपेलिन यांना लहान वयातील हे रुग्ण खरोखरच वेगळे वाटत होते, असेही मत आहे.

दुसरा रुग्ण व अल्झायमर यांची शंका

नोव्हेंबर १९०७ मध्ये म्युनिकच्या रुग्णालयात ५६ वर्षांचा एक मजूर दाखल झाला. वैद्यकीय साहित्यात तो योहान एफ. या नावाने ओळखला जातो. तीन वर्षांनी त्याचे निधन झाल्यावर अल्झायमर यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली. बाह्यकात निक्षेप मोठ्या प्रमाणात होते, मात्र तंतूंचे गुंते सापडले नाहीत.

१९११ साली प्रसिद्ध केलेल्या विस्तृत लेखात अल्झायमर यांनी हा फरक न लपवता मांडला. लक्षणे सारखीच असताना दोन विकृतींपैकी एक नसेल, तर त्या विकृतीला रोगाची खूण कितपत मानावे, असा प्रश्न त्यातून उभा राहत होता. हेच निक्षेप वार्धक्यातील सामान्य स्मृतिभ्रंशातही आढळतात, हे फिशर यांच्या कामामुळे स्पष्ट झाले होते. त्यामुळे लहान वयातील रुग्णांमागे एखादी स्वतंत्र रोगप्रक्रिया आहे असे मानण्यास पुरेसा आधार नाही, या निष्कर्षाकडे अल्झायमर झुकले. निक्षेप हे स्मृतिभ्रंशाचे कारण नसून ऱ्हासाबरोबर आढळणारी गोष्ट असावी, असेही त्यांना वाटत होते. ज्या रोगाला त्यांचे नाव मिळाले, त्याच्या स्वतंत्र अस्तित्वाविषयी खुद्द त्यांनाच अशी शंका होती.

अन्य संशोधन

अल्झायमर यांचे काम केवळ स्मृतिभ्रंशापुरते मर्यादित नव्हते. धमनीकाठिण्यजन्य मेंदूविकारांच्या अभ्यासात ओटो बिन्स्वांगर यांच्यासमवेत त्यांचे नाव घेतले जाते. आर्नोल्ड पिक यांनी वर्णन केलेल्या आजारात चेतापेशींमध्ये आढळणारे, चांदीच्या रंजनाने दिसणारे गोल पिंड त्यांनी १९११ साली नोंदवले. हे पिंड आता पिक पिंड या नावाने ओळखले जातात. अपस्मार, हंटिंग्टनचा आजार व मेंदूतील आधारपेशींचे बदल यांवरही त्यांनी लेखन केले. यकृताच्या विकारात बदलणाऱ्या मेंदूतील ताराकृती पेशींच्या दोन प्रकारांना त्यांचे नाव आहे. निसल यांच्यासमवेत त्यांनी मेंदूच्या बाह्यकाच्या ऊतकशास्त्रावरील ग्रंथमालेचे संपादन केले. १९१० साली माक्स लेवांडोव्हस्की यांच्यासोबत चेताविज्ञान व मनोविकारशास्त्र यांना वाहिलेल्या नियतकालिकाची स्थापनाही त्यांनी केली.

ब्रेस्लाउ व मृत्यू

१९१२ साली ब्रेस्लाउ (आजचे पोलंडमधील व्रोत्सुआफ) येथील विद्यापीठात मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक व रुग्णालयाचे संचालक म्हणून अल्झायमर यांची नियुक्ती झाली. कार्ल बोनहोफर बर्लिनला गेल्यामुळे ही जागा रिक्त झाली होती. म्युनिकहून ब्रेस्लाउकडे रेल्वेने जात असताना अल्झायमर आजारी पडले. घशाच्या संसर्गाचे पर्यवसान हृदयाच्या आतील अस्तराच्या दाहात झाले. जंतुसंसर्गावर प्रभावी औषध त्या काळी नव्हते. त्यातून ते पूर्णपणे कधीच बरे झाले नाहीत. तरीही त्यांनी अध्यापन, रुग्णसेवा व संपादन चालू ठेवले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले.

१९ डिसेंबर १९१५ रोजी हृदय व मूत्रपिंडे निकामी होऊन अल्झायमर यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५१ वर्षे होते. फ्रांकफुर्टच्या मुख्य दफनभूमीत पत्नी सेसिली यांच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले. त्यांची ज्येष्ठ कन्या गेरट्रूड हिचा विवाह मनोविकारतज्ज्ञ गेओर्ग श्टेर्ट्स यांच्याशी झाला होता.

विस्मरण व पुनर्शोध

अल्झायमर यांच्या मृत्यूनंतर सुमारे अर्धशतक हा रोग दुर्मीळ मानला गेला. साठीच्या आतील रुग्णांनाच हे निदान लावले जाई. वृद्धांच्या विस्मरणाकडे वयाचा परिणाम म्हणूनच पाहिले जाई आणि त्यामुळे संशोधनही फारसे होत नसे. १९६८ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे गॅरी ब्लेस्ड, बर्नार्ड टॉमलिन्सन व मार्टिन रॉथ यांनी वृद्धांच्या मेंदूतील निक्षेपांची संख्या व हयातीतील स्मृतिभ्रंशाची तीव्रता यांचा संबंध दाखवला. १९७६ साली अमेरिकेतील चेतारोगतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी तरुण व वृद्ध वयातील हे आजार एकच असल्याचे प्रतिपादन केले. या व्याख्येनुसार एक दुर्मीळ आजार जगातील अत्यंत मोठ्या आरोग्यप्रश्नांपैकी एक ठरला. वयाची सीमा कृत्रिम आहे, या १९११ मधील अल्झायमर यांच्या मताकडेच वैद्यक परतले होते.

ऑगुस्टे डेटर यांचे रुग्णदप्तर अनेक दशके बेपत्ता होते. डिसेंबर १९९५ मध्ये कोनराड माउरर व त्यांच्या सहकाऱ्यांना ते फ्रांकफुर्ट विद्यापीठाच्या मनोविकार विभागाच्या दप्तरखान्यात सापडले. त्यात अल्झायमर यांच्या हस्ताक्षरातील नोंदी, रुग्णाने लिहिण्याचा प्रयत्न केलेला कागद व छायाचित्रे होती. १९९७ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

त्याच सुमारास मानुएल ग्रेबर व सहकाऱ्यांनी म्युनिक येथे दोन्ही रुग्णांच्या मेंदूच्या मूळ काचपट्ट्या शोधून काढल्या. ऑगुस्टे यांच्या मेंदूत निक्षेप व गुंते दोन्ही असल्याची आणि योहान एफ. यांच्या मेंदूत केवळ निक्षेप असल्याची खात्री झाली. सुमारे नव्वद वर्षांपूर्वीची वर्णने अचूक ठरली. ऑगुस्टे यांच्या काचपट्ट्यांतून मिळालेल्या डीएनएत प्रेसेनिलिन-१ या जनुकातील उत्परिवर्तन आढळल्याचा दावा पुढे करण्यात आला होता, परंतु २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या तपासणीत त्याला दुजोरा मिळाला नाही.

शवविच्छेदनापासून रक्तचाचणीपर्यंत

अल्झायमर यांच्या पद्धतीत एक अटळ मर्यादा होती. रुग्ण हयात असेपर्यंत केवळ लक्षणे दिसत आणि विकृती मृत्यूनंतरच पाहता येई. ही मर्यादा ओलांडण्यासाठी प्रथम विकृतींचे रासायनिक स्वरूप कळणे आवश्यक होते. १९८४ साली जॉर्ज ग्लेनर व केन वाँग यांनी अमायलॉइड प्रथिनाची रचना उलगडली. गुंते टाऊ प्रथिनाचे असतात हे १९८० च्या दशकाच्या मध्यास स्पष्ट झाले. त्यानंतर मेंदूमेरुद्रवात ही प्रथिने मोजता येऊ लागली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जिवंत व्यक्तीच्या मेंदूतील निक्षेप पेट स्कॅनने दाखवण्यात आले. मात्र कण्यातून द्रव काढणे त्रासदायक आहे व पेट स्कॅन खर्चिक आहे.

रक्तात या प्रथिनांचे प्रमाण अत्यल्प असते. ते एका मिलिलिटरमागे पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात, मोजावे लागते. इतक्या सूक्ष्म मापनाची तंत्रे गेल्या दोन दशकांत विकसित झाली. अशा मोजता येणाऱ्या जैविक खुणेला बायोमार्कर किंवा जैवदर्शक म्हणतात. अमायलॉइडचा ४२ अमिनो आम्लांचा प्रकार मेंदूत साचू लागला की रक्तातील त्याचे प्रमाण ४० अमिनो आम्लांच्या प्रकाराच्या तुलनेत घटते. टाऊ प्रथिनाच्या २१७ व्या स्थानी फॉस्फेट जोडलेले रूप (पी-टाऊ२१७) मात्र वाढते. आतापर्यंतच्या अभ्यासांत पी-टाऊ२१७ हे सर्वांत भरवशाच्या रक्तदर्शकांपैकी एक ठरले आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, स्वीडनमधील विस्मरणाची तक्रार असलेल्या १,२१३ व्यक्तींच्या अभ्यासात अशा चाचणीची अचूकता सुमारे ९१ टक्के आढळली. रक्तचाचणीविना प्राथमिक आरोग्यसेवेतील डॉक्टरांच्या निदानाची अचूकता सुमारे ६१ टक्के व तज्ज्ञांची ७३ टक्के होती. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लक्षणे असलेल्या ५५ वर्षांवरील रुग्णांसाठी अशा पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली.

अमायलॉइडचे निक्षेप लक्षणे दिसण्यापूर्वी १५ ते २० वर्षे साचू लागतात. त्यामुळे निरोगी व्यक्तीचा भावी धोका रक्तावरून सांगता येईल का, हा प्रश्न उपस्थित झाला आहे. गटांच्या पातळीवर रक्तातील वाढलेले पी-टाऊ पुढील स्मृतिभ्रंशाच्या वाढलेल्या शक्यतेशी निगडित असल्याचे अभ्यास सांगतात. एका व्यक्तीचे भवितव्य मात्र त्यावरून निश्चित ठरत नाही. मूत्रपिंडाच्या विकारात हे प्रमाण मेंदूच्या आजाराशिवायही वाढू शकते. निक्षेप असूनही अनेक जण आयुष्यभर स्मृतिभ्रंशापासून मुक्त राहतात. अमेरिकेतील जोगिणींच्या दीर्घकालीन अभ्यासात मेंदूत भरपूर विकृती असूनही अखेरपर्यंत तल्लख राहिलेल्या स्त्रिया आढळल्या होत्या. म्हणून लक्षणे नसलेल्या व्यक्तींनी या चाचण्या सरसकट करून घेऊ नयेत, असा सल्ला सध्या दिला जातो.

२०२४ साली या प्रश्नावर तज्ज्ञांचे दोन पक्ष स्पष्ट झाले. अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशनच्या तज्ज्ञगटाने बायोमार्करच्या आधारे, लक्षणे नसतानाही, रोगाचे निदान करता येते अशी व्याख्या मांडली. आंतरराष्ट्रीय कार्यगटाने तिला विरोध केला. लक्षणांविना केवळ बायोमार्कर असलेल्या व्यक्तीला रुग्ण न म्हणता धोका असलेली व्यक्ती म्हणावे, अशी त्यांची भूमिका आहे. विकृती म्हणजेच रोग का, हा १९११ साली योहान एफ. यांच्या मेंदूने अल्झायमर यांच्यासमोर उभा केलेला प्रश्न येथे नव्या स्वरूपात पुढे आला आहे. अल्झायमर यांनी काचपट्टीवरील विकृतीचा अर्थ लावताना रुग्णाच्या नोंदी सोबत ठेवल्या होत्या. रक्तचाचणीचा निकालही रुग्णाची लक्षणे व तपासणी यांच्या संदर्भातच वाचावा, याविषयी दोन्ही पक्षांत फारसे दुमत नाही.

स्मृती

मार्क्टब्राइट येथील अल्झायमर यांचे जन्मघर जतन करण्यात आले असून डिसेंबर १९९५ मध्ये, त्यांच्या ८० व्या स्मृतिदिनी, तेथे संग्रहालय सुरू झाले. फ्रांकफुर्टमधील जुने मनोरुग्णालय आज अस्तित्वात नाही. त्या परिसरात आता गोएथे विद्यापीठाचा विभाग आहे. दरवर्षी २१ सप्टेंबर हा दिवस भारतासह अनेक देशांत जागतिक अल्झायमर दिन म्हणून पाळला जातो.